संडासाच्या दारावरच्या गायी

माझ्या जावयाला, वीब्रेनला, स्वच्छतेचा रोग आहे. माझी कॉफी अर्धी असतानाच कप धुऊन ठेवतो!

गोठ्याच्या कॉम्प्युटरमधला जुना प्रोग्राम काढून नवा घालायचा होता. "अर्ध्या तासाचं काम, आई!" वीब्रेन छाती फुगवून म्हणाला. मी सहा इयत्ता शिकलेली; मला काय कळणार!

जुना निघेना. अर्धा गेला, अर्धा चिवट पाहुण्यासारखा बसून राहिला. नवा म्हणे, तो घरात असेपर्यंत मी उंबरा ओलांडणार नाही! "मग हातानेच उपटतो," म्हणत वीब्रेनने त्या नावाचं जे जे सापडलं ते ते पुसलं. वर कचरापेटीही रिकामी केली. ती तर तो करणारच!

"आणि गायींची माहिती?" माझ्या हिस्केने नवऱ्याला विचारलं.

"तिची नक्कल आधीच काढून ठेवलीय."

"कुठे?"

वीब्रेनचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. "जुन्या प्रोग्रामच्या नावाच्या फोल्डरमध्ये."

माझा नवरा डाउवे शरदात गेला. या महिन्यात चौदा गायी विणार. त्यांतली कोणती अडेल, कुणासाठी गुरांचा डॉक्टर आधी बोलवायचा, हे सगळं त्याने त्या कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलेलं. आणि त्यांतलीच बेट्स्के सकाळपासून शेपूट उचलून अस्वस्थ उभी!

"आई, तुम्हाला काही आठवतं?"

"तुझी अक्कल शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही, गायींचं काय विचारतोस!"

तणतणत मी संडासात गेले. बसले. समोर दारावर वाढदिवसांचं कॅलेंडर, आमच्याकडे सगळ्यांच्याच संडासात असतं तसंच. नणंदेच्या नावाखाली डाउवेची पेन्सिल: ‘बेट्स्के. वासरू मोठं. डॉक्टर.’ आत्याच्या खाली यान्त्शे. चौदाच्या चौदा! नातेवाइकांच्या रांगेत गायी बसवल्या म्हणून मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

मी आतूनच ओरडून डॉक्टरला फोन करायला सांगितलं; बाहेर मात्र बराच वेळ आले नाही.

डॉक्टर वेळेत आला, बेट्स्के सुटली. मग वीब्रेन कॅलेंडर खिळ्यावरून काढायला निघाला.

"हात लावू नकोस, जावईबापू! तू हात लावलास की वस्तू जाते. ते डाउवेने टांगलंय, तिथेच राहील. कॉम्प्युटर मांडीवर घे, आत बस, आणि चौदावी गाय उतरवून झाल्याशिवाय बाहेर येऊ नकोस. आम्हाला लागलीच, तर शेजारी आहेत!"