गजभिये रक्त विचारतात

माणूस भेटला की लोक ‘कसे आहात’ विचारतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधले आमचे शेजारी डॉ. गजभिये विचारायचे, “जयभीम काकू, हिमोग्लोबिन कोणतं?” किती नव्हे, कोणतं! भर ट्राममध्येसुद्धा. तेव्हा राग यायचा. आज त्या प्रश्नाला हात जोडते.

मूळचे भंडाऱ्याचे. इथल्या संस्थेत मलेरियावर संशोधन. लग्न केलेलं नाही, खिडक्यांना पडदे नाहीत. माझ्या वाढदिवसाला त्यांनी दिली मच्छरदाणी. ड्रेस्डेनच्या थंडीत! जावई जर्मन थाटात कुजबुजायचा, “आले हेर डॉक्टर,” आणि माझी लेक सुजाता आत पळायची.

तिला दिवस गेल्याचं कळलं, त्या रविवारी ते जेवायला आले. पुरी उचलून म्हणाले, “आल्झो, म्हणजे असं बघा, ही रक्तातली लाल पेशी. आतलं प्रथिन, म्हणजे हिमोग्लोबिन, वेगळं असलं की अशी होते.” पुरी दुमडून त्यांनी विळा केला. “सिकलसेल. आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर माणूस सहसा ठणठणीत. वर मलेरियाचा जंतू त्याच्या पेशीत नीट वाढत नाही. पूर्वजांनी दिलेलं चिलखत, जी! पण दोघांकडून आला, तर लेकराचे हाल.”

मी हातातली पुरी खाली ठेवली. नागपुरात ऐन तिशीत माझ्या रक्तात हाच, एकाकडून आलेला सिकलसेल निघाला होता. लहानग्या सुजाताच्याही. आणि तेव्हाची मी काय शहाणी! पत्रिका बघणाऱ्यांना फिदीफिदी हसणारी. पण रिपोर्ट मात्र ट्रंकेत कागदाखाली मंगळासारखा लपवला. ‘पोरीला कोण करेल?’ म्हणून. लेकीलाही कधी कळू दिलं नाही.

त्या दिवशी सगळं ओकून टाकलं. सुजाता आधी रडली, मग मला कळू नये म्हणून जर्मनमध्ये चिडली.

“काहून रागावतेस काकूंवर?” गजभिये म्हणाले. “जावयाचं रक्त तपासू. उद्याच.”

रिपोर्ट येईपर्यंत जावयाला मी इतकं निरखलं, की तो आरशात बघायला लागला. शेवटी कळलं, त्याच्यात सिकलसेल नाही. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिठी मारली. बिचारा घाबरला.

गजभिये खिडकीपाशी उभे होते.

“माझ्या आईबाबांना कोणी विचारलंच नाही, जी,” ते म्हणाले. “माझ्यात एकाकडूनच आला. धाकट्या बहिणीत दोघांकडून. नऊ वर्षांची होती, गेली तेव्हा.” चष्मा पुसता पुसता हसले. “मला मामा म्हणणारं कोणी झालंच नाही.”

सुजाता उठून त्यांच्याजवळ गेली.

“दादा,” ती म्हणाली, “बारशाला सुट्टी टाकून ठेवा.”