पिनबॉलची साडेसाती

भिमाजी स्वतःची ओळख करून द्यायला लागले की समोरच्याने आधी बसून घ्यावं, कारण प्रकरण लांबत असे. "मोटार जळाली की लोक वायरमनकडे जातात," ते म्हणत, "आणि ती का जळाली हे कळेनासं झालं की माझ्याकडे येतात. मी वायरमन नाही, विजेचा गुप्तहेर आहे. वीज दिसत नाही, गुन्हेगारही दिसत नाही. दोघांनाही मी वासावर पकडतो." त्यांच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर असे, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असे, आणि घोडेगावात शिंगणापूर फाट्याजवळच्या त्यांच्या दुकानावर पाटी होती : 'भिमाजी इलेक्ट्रिकल्स. कोणताही फॉल्ट शोधून मिळेल.'

तपास चालू असताना भिमाजी पुस्तकी मराठी बोलत. फॉल्ट सापडेना झाला की भाषा हळूहळू घोडेगावावर येई. त्यांचा मदतनीस हनुमंत बावीस वर्षं या भाषेवरूनच केसची प्रकृती ओळखत आला होता. फॉल्ट बहुधा पहिल्या पाच मिनिटांत हनुमंतलाच सापडे, पण भिमाजींचं भाषण पुरं होईपर्यंत तो तसं दाखवत नसे. माणसाचा आनंद कशाला हिरावून घ्यायचा, असं त्याचं मत होतं.

पिनबॉलच्या केसमध्ये मात्र हनुमंतलाही काही सापडलं नव्हतं.

समोरच्या हॉटेलचा मालक रंगनाथ याने पिनबॉलचं मशीन नगरच्या भंगारातून उचलून आणलं होतं. दिवाणाएवढं लांब, तिरपं टेबल. वर काच, आत लोखंडी गोळी. बाजूची बटणं दाबून दोन दांड्या हलवायच्या आणि गोळी वर हाणायची. ती जिथे आपटेल तिथे दिवा लागे, घंटी वाजे, आकडे फिरत. रंगनाथ शाळेत असताना असंच एक मशीन जत्रेत खेळला होता आणि तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. हनुमंतने दोन महिने बसून त्याचा एकेक कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासला, जळक्या कॉइल नव्याने गुंडाळल्या. एका गुरुवारी मशीन सुरू झालं आणि रंगनाथने अख्ख्या फाट्याला चहा पाजला.

शनिवारी सकाळी ते बंद पडलं. दांड्या हलेनात, घंटी वाजेना. काचेवर फक्त एक इंग्रजी शब्द पेटला : टिल्ट. बुधवारी ते आपलं आपण सुरू झालं. शनिवारी पुन्हा बंद. असे चार शनिवार गेले.

"येत्या शनिवारी अमावस्या हाय," रंगनाथ शेवटी वैतागून म्हणाला. "शिंगणापूरची समदी गर्दी हितनं जानार. चालू तर ते आपोआप बी व्हतंय, त्याचं कौतिक न्हाई. मला फॉल्ट हातात पायजे, भिमाजीअण्णा. बारा वाजेपातूर दिला न्हाई, तर तुमची पाटी मी सवता उतरवनार."

"खुशाल उतरवा," भिमाजी म्हणाले.

हनुमंतला काम कुठेही मिळालं असतं, मेहुण्याची पिठाची गिरणी तर वाटच बघत होती. पण पाटी उतरली तर हा माणूस मनातून संपणार हे त्याला ठाऊक होतं, आणि भिमाजींशिवाय दिवस कसा काढतात ते त्याला अजिबात ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी मशीन ठरल्याप्रमाणे बंद पडलेलं होतं. भिमाजींनी काचेला भिंग लावलं.

"हणमंता, हा टिल्ट कोण असावा?"

"मानूस न्हाई वाटत."

"मूळ मालक. इंग्रज असणार. शनिवारी साहेबाला सुट्टी, म्हणून मशीनलाही सुट्टी."

"मग रविवारी?"

"रविवारी चर्च."

"आन् सोमवार, मंगळवार?"

भिमाजींनी भिंग शर्टाला पुसलं. "साहेब बराच मोठा अधिकारी असणार."

दहा वाजता संशय शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या हर्षलवर गेला. तो दर शनिवारी दुकान बंद ठेवतो आणि मशीनही शनिवारीच बंद असतं, तेव्हा दोघांचं संगनमत उघड आहे, असं भिमाजींनी सिद्ध केलं. हर्षल शनिवारी सासुरवाडीला जातो, असं हनुमंतने सांगितलं. खात्री करायला त्याला सासऱ्याला फोन लावावा लागला.

"सासरा म्हनतोय, येतो, जेवतो आन् झोपतो."

"एवढं बिनचूक उत्तर? पढवलेला साक्षीदार आहे."

अकरा वाजता व्होल्टेजवर आरोप झाला. फाट्यावर गर्दी, रसवंत्या जोरात, त्यामुळे दाब पडत असणार. हनुमंतने मीटर लावला. मीटरने दोनशे तीस दाखवले.

"मीटर फितूर आहे," भिमाजी म्हणाले, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

"वरची काच काढून टेबल उचलून बघू का?" हनुमंतने विचारलं.

"न्हाई. गुन्हेगार मागल्या दारानं पळतो. तपास मागनंच करायचा." चार आठवडे हाच नियम होता आणि चार आठवडे हनुमंत मशीनच्या मागच्या खोक्यातच डोकं घालून बसला होता. हा नियम भिमाजींनी आज पहिल्यांदा घोडेगावी भाषेत सांगितला, त्यामुळे हनुमंत आणखीनच घाबरला.

पावणेबाराला रंगनाथ शिडी घेऊन हॉटेलातून बाहेर पडला. बघ्यांचा घोळका त्याच्या मागे निघाला. आत भिमाजी, हनुमंत आणि बंद मशीन एवढेच उरले. भिमाजी खेळ सुरू करायचं बटण उगाच दाबत राहिले होते.

तेवढ्यात रंगनाथची आई मालनबाई पदराखाली काहीतरी लपवून आली. "जरा सरका बाबांनो. माजं काम हाय."

मशीनच्या पुढच्या बाजूला नाणी काढायचं छोटं दार होतं. त्याचं कुलूप मालनबाईंनी पहिल्याच दिवशी काढून फेकलं होतं. त्यांचं माहेर शिंगणापूर, घरात कुलूप त्यांना खपत नसे. दार सुतळीने बांधलेलं होतं. त्यांनी गाठ सोडली, आत हात घातला आणि तारेत ओवलेलं एक टपोरं लिंबू सात मिरच्यांसकट बाहेर काढलं.

त्याच क्षणी भिमाजींचं बोट बटणावर होतं. घंट्या वाजल्या, आकडे गरागरा फिरले आणि दांड्या फडफडायला लागल्या. भिमाजी दोन पावलं मागे सरकले.

"मावशी, हे काय हाय?" हनुमंतने विचारलं.

"लिंबू हाय. दर शनवारी सकाळच्या पारी नवं घालते. आज अमावस्या, एकानं भागायचं न्हाई, म्हनून ह्याच तारंत ववायला दुसरं आनलं. रंग्या दारावर बांदू देत न्हाई, गिऱ्हाईक हसतंय म्हनतो. मग आत बांदलं. आदीच्या मालकानं हितं लोखंडाचं कायतरी टांगलं हुतं. लोखंडानं कुटं नजर उतरती व्हय?"

हनुमंतने बॅटरी मारली. आत एका लोखंडी कड्याच्या मधोमध गवंड्याच्या ओळंब्यासारखं छोटं वजन लोंबकळत होतं. दुरुस्तीच्या वेळी त्यानेच ते घासून साफ केलं होतं, पण ते कशासाठी आहे हे त्याला आत्ता उलगडलं. गोळी वाचवायला कोणी मशीन हलवलं की ओळंबा कड्याला टेकायचा आणि लबाडीची शिक्षा म्हणून 'टिल्ट', म्हणजे 'कललं', असं पेटून खेळ बंद व्हायचा. कड्यात ताजं लिंबू कोंबलं की ओळंबा टेकलेलाच राहायचा, म्हणजे मशीनच्या हिशेबी कोणीतरी त्याला चार दिवस सतत ढकलत होतं. बुधवारपर्यंत लिंबू सुकून आक्रसायचं आणि ओळंबा सुटायचा.

त्याने हे सांगितलं तसा मालनबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी माज्यामुळं बंद पडत हुतं?" त्या हळूच म्हणाल्या. "आता रंग्या मला समद्यांम्होरं बोलनार."

भिमाजींनी त्यांच्या हातातलं लिंबू घेतलं, स्वतःच्या खिशात टाकलं आणि रस्ता ओलांडून दुकानासमोर गेले. हनुमंत मागोमाग धावला. रंगनाथ शिडीवर चढला होता आणि पाटीचे दोन स्क्रू सोडून झाले होते.

"मशीन सुरू आहे," भिमाजी म्हणाले. "परंतु फॉल्ट सापडला नाही. पाटी उतरवा."

लोक हसले. कुणीतरी मोबाईल वर केला. हनुमंतला बावीस वर्षांतली सगळी भाषणं आठवली आणि या एका वाक्यापुढे ती सगळी फिकी वाटली. त्याला भिमाजींचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. तो शिडी घट्ट धरून राहिला. रंगनाथने तिसऱ्या स्क्रूला पेचकस लावला.

"खाली बघ रे," मालनबाई म्हणाल्या. त्या गर्दीतून वाट काढत आल्या होत्या. त्यांनी भिमाजींच्या खिशात सरळ हात घातला आणि लिंबू-मिरची रंगनाथच्या हातात दिली. "ह्यो घे तुजा फॉल्ट. मी बांदलं हुतं. ह्यो भला मानूस माज्यासाटी खोटं बोलतोय."

रंगनाथने लिंबू मिरच्यांसकट खिशात ठेवलं आणि सोडलेले दोन्ही स्क्रू एकेक करून पुन्हा आवळले.