सुभेदारांचा जपानी वाडगा

धोंडीराम सुभेदारांना चहा द्यायचा म्हणजे आमची ही आधी फडकं हातात घ्यायची. कप हातात आला की हा गृहस्थ तो प्यायच्या आधी डोक्याच्या वर धरायचा आणि खालून त्याचं बूड बघायचा. भरलेला कप, वाफाळता. निम्म्या वेळा चहा बाहीत जायचा, पण गडी हलायचा नाही, लष्करातला ना. बूड बघून झालं की कप खाली यायचा आणि निकाल लागायचा, "छापील हाय." मग पिणार. तोही फिका, बिनसाखरेचा. साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी येऊन फिका चहा मागायचा, हे मला आपलं उगाच लागायचं.

विश्रामबागेत आमची घरं भिंतीला भिंत लावून. पलटणीतून निवृत्त होऊन सुभेदार तिथं राहायला आले तेव्हा भला माणूस होता. बागेत वांगी लावायचा, संध्याकाळी पोरांना कवायत शिकवायचा. दुष्काळाच्या साली, बहात्तरला, काय झालं कोण जाणे, त्यांना हे चिनी मातीचं याड लागलं. त्यातही जपानी. आठवड्याच्या बाजारात जुन्या सामानाच्या ओळीत उकिडवे बसून कपबश्या उलट्यापालट्या करायचे. घरात कपाट भरलं, मग दुसरं भरलं. त्यांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी, शेवटी धान्याच्या कणग्यांवर बश्या मांडल्या.

याडाला शास्त्र होतं, हे मात्र कबूल. बुडावर इंग्रजीत जपान लिहिलंय म्हणजे माल अलीकडचा, परमुलखात विकायला केलेला. नक्षी भिंगातून बघायची. जिथं फुलाची वेल फिरून स्वतःला भेटते तिथं सांधा दिसला, म्हणजे कागदावरून उठवलेली. कुंचल्याची असेल तर एक पान जाड, एक बारीक, कुठं हात थरथरलेला. बुडाच्या कडेला झिलई नसते, तिथं नख फिरवायचं. जुन्या ताटांच्या बुडाला तीनचार बारके फोड असतात, भट्टीत ताट ज्यावर टेकवलेलं असतं त्यांच्या खुणा. हे सगळं ते मला रविवारी सकाळी दाढी करताना सांगायचे. म्हणजे दाढी मी करत असायचो.

हळूहळू ही भाषा माणसांनाही लागली. नवा तलाठी आला, "छापील हाय." आमच्या मॅनेजरांना एकदा लांबून बघितलं, "पार छापील." एखाद्याबद्दल चांगलं बोलायचं असलं तर, "हाताचा हाय गड्या." माझ्याबद्दल काय मत होतं ते मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले तर सुभेदारांनी पोह्यांची बशी उलटी करून बघितली. पोहे पाहुण्यांच्या मांडीवर. स्थळ गेलं. गल्लीतले नाना वारले, आम्ही सगळे भेटायला गेलो. शेजारणीने तिथल्याच फडताळातले कप काढून चहा दिला. सुभेदारांचा कप वर गेला. मी पायाने ढोसलं, काही उपयोग नाही. त्या रडारडीत आवाज आला, "ह्यो हाताचा हाय. कुणाचा?" नानांची बायको रडायची थांबली. म्हणाली, "माझ्या आईचा." आणि पुढं अर्धा तास आईबद्दल बोलत राहिली. त्या घरात त्या दिवशी कुणी धड बोललं असेल तर ते तेवढंच.

हे सगळं ज्याच्यापायी चाललं होतं तो एक वाडगा होता. निळ्या नक्षीचा, ओंजळीएवढा. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांची पलटण जपानात पहाऱ्याला होती, तिथून आणलेला. तडकलेला होता, तड्यावर पिवळट रेघ. आपल्याकडं फुटक्या हंड्याला धातू वितळवून डाग देतात ना, तसा डाग दिलेला. हा वाडगा तेवढा कपाटात नसायचा. लष्करी ट्रंकेत, फेट्यात गुंडाळून. तो अस्सल की नकली, हे मात्र त्यांना स्वतःला ठरवता येत नव्हतं. महिन्यातून एकदा काढायचे, भिंग लावायचे, सुस्कारा टाकून परत ठेवायचे. गल्लीत पैजा लागल्या होत्या. अस्सल निघाला तर पेढे द्यायचे, असं हौसाकाकूंनी सगळ्यांना कबूल केलं होतं.

आणि आमच्या इस्लामपूरकडच्या कारखान्यात ऊसगळीत सुरू व्हायच्या आधी नवी यंत्रं बसवायला एक जपानी इंजिनिअर आला. तानाकासाहेब. मी घरी सहज बोललो, माझंच डोकं फिरलं होतं, आणि ते भिंतीपलीकडं ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सुभेदार दारात उभे. इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं, काखेत फेट्याचं गाठोडं.

एसटीत मी चेष्टा केली. म्हटलं, "सुभेदार, आज पेढे."

"नकली निघू द्या म्हणा," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"आवं, खरंच म्हंतोय. नकली निघू दे, येवढंच मागणं हाय." गाठोडं त्यांनी मांडीवर घट्ट धरलं होतं. "गाव जळालेलं हुतं. निस्ता कोळसा. छावणीच्या तारंपाशी एक बाई यायची, पाठीला पोर बांधून. बोलायची न्हाई, हुबी ऱ्हायची. एक दिस तिनं ह्ये वाडगं फुडं केलं, आन् एकच शबुद बोलली. मी रेशनातली साखर दिली डबाभर, आन् वाडगं घेतलं."

"मग? दिलंत की."

"नुसती साखर देता आली असती न्हवं? मी वाडगं घेतलं. आईला दावायचं हुतं." त्यांनी गाठोड्याची गाठ आवळली. "डाग दिलेलं हुतं. म्हटलं, आपल्यात तडकलेलं भांडं घरात ठेवत न्हाईत, तिनंबी टाकायचंच काढलं आसंल. गपगार झोपलो. लय वर्सं झोपलो."

"आणि आता काय झालं?"

"बहात्तरला माझी भैण आली आटपाडीकडनं. रुखवताची भांडी इकायला. माझ्याकडं मागायची लाज वाटली तिला, परस्पर बाजारात गेली. मला कळलं तवा मी गेलो. आदी तिनं चेपकी काढली, मग बरी. आईनं दिलेला तांब्या पदराखाली धरून बसली हुती, त्यो अगदी शेवटाला काढला. तवा माझ्या डोक्यात आलं, त्या बाईचं ह्ये कितवं भांडं?"

एसटी आष्ट्याच्या स्टँडवर थांबली. मी चहा आणतो म्हणालो, ते नको म्हणाले.

"नकली आसंल तर पयलं-दुसरं. अस्सल आसंल तर शेवटचं," ते म्हणाले. "येवढंच बघायचं हाय."

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं हा माणूस बाजारात नकली मालाची लक्षणं शिकत होता. त्यातलं एखादं तरी आपल्या वाडग्यात सापडावं म्हणून.

तानाकासाहेब चाळिशीचे, चष्मेवाले, हातापायांना वंगण लागलेलं. त्यांचं गाव चिनी मातीच्या भट्ट्यांच्या मुलखातलं, आजोबा या भांड्यांचाच धंदा करायचे. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. सुभेदारांनी फेटा सोडला. साहेब बघताबघता खुर्चीतून उठले, हात धुऊन आले, रुमालाने पुसले, आणि वाडगा दोन्ही हातांनी घेतला.

"इचारा, निळाई जरा जादा न्हाई व्हय?" सुभेदार म्हणाले.

मी विचारलं. त्या भट्टीचा निळा असाच, साहेब म्हणाले.

"बुडाची कड बघा म्हणावं. लय गुळगुळीत हाय. जुन्याला आशी नसती."

दीडेकशे वर्षं बायकांनी धुऊन धुऊन झिजलीय, साहेब म्हणाले.

"आन् त्यो डाग?"

साहेबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. बराच वेळ शब्द शोधून मला सांगितलं. झाडाच्या चिकाने सांधतात आणि वर सोन्याची भुकटी लावतात. साध्या भांड्याला कुणी करत नाही. जे घराला फार जवळचं असतं, फुटलं म्हणून टाकवत नाही, त्यालाच करतात.

मी सुभेदारांकडं वळलो. खोटं सांगावं असं फार मनात आलं. कोण विचारणार होतं?

"ऱ्हाऊ द्या," तेच म्हणाले. "दोनी हातांनी धरलं तवाच कळलं."

मग त्यांनी तो वाडगा साहेबांकडं सरकवला. "घिऊन जावा म्हणावं. तुमच्या मुलखात." आणि का, ते सगळं मला सांगायला लावलं. तार, पोर, साखर, सगळं. मी कसंबसं सांगितलं. तानाकासाहेब ऐकत होते. त्यांनी वाडगा उचलून परत सुभेदारांच्या मांडीवर ठेवला. म्हणाले, आमच्या आईनेही लढाईनंतरच्या हिवाळ्यात असंच भांडं देऊन रताळी आणली. मी जगलो. धाकटी बहीण नाही जगली.

हे मी मराठीत सांगितलं.

"केवढी हुती?" सुभेदारांनी विचारलं.

साहेबांना प्रश्न कळला असावा. त्यांनी जमिनीपासून गुडघ्याएवढा हात धरला.

"नाव?"

"सुमी," साहेब म्हणाले.

परत आल्यावर वाडगा अस्सल निघाला, एवढंच मी सांगितलं. गल्लीत पेढे झाले, बायकांनी वाडग्याला हळदकुंकू लावून ओवाळलं, कुणीतरी हारही घातला. सुभेदार कोट न काढता ओट्यावर बसून होते. लोकांना वाटलं, आनंदाने भारावलेत.

पुढं थोड्याच दिवसांत सर्वपित्री अमावास्या आली. सकाळी भिंतीपलीकडं हौसाकाकूंचा आवाज चढलेला ऐकला म्हणून गच्चीवर गेलो. सुभेदारांनी पलीकडच्या कठड्यावर आईबापांची पानं ठेवली होती आणि बाजूला तो वाडगा, काठोकाठ खिरीने भरलेला.

"आवं, कावळ्यानं पाडला म्हंजी?" काकू मला बघून म्हणाल्या. "काय तरी सांगा ह्यास्नी."

"पडू दे," सुभेदार म्हणाले. "त्या बाईच्या पोराचं नाव म्हाईत न्हाई. ह्या पोरीचं तरी हाय. सुमीच्या नावानं ठेवलंय."

कावळे आले. आईबापांची पानं शिवून गेले. वाडग्याकडं एकही फिरकला नाही. ऊन चढलं, खिरीवर साय धरली, माशा बसल्या. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशाततरी अडकलेलं असतं, त्याला काय हवं ते विचारून शब्द द्यायचा, ही आपल्याकडची रीत. काकूही आता हलक्या आवाजात म्हणाल्या, "इचारा तिला, काय पायजे. कबूल करा, म्हंजी शिवंल."

सुभेदार हात जोडून उठले. तोंड उघडलं, आणि तसेच उभे राहिले. मग माझ्याकडं वळले. डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"कसं इचारू?" ते म्हणाले. "तिच्या बोलीतला मला एकच शबुद येतो. साखर."