माळ खरी निघाली

जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात, तपासलेल्या आणि संशयास्पद, असं तपासनिसांचं ठाम मत होतं. हेल्मेटच्या कारखान्यात तपासणी खात्यात हयात घालवलेल्या माणसाचं दुसरं मत असणार तरी काय! तयार मालाच्या ढिगातून एक हेल्मेट उचलायचं, त्यावर उंचावरून लोखंडी गोळा सोडायचा आणि ते टिकलं की सगळा ढीग पास करायचा, हे त्यांचं काम. टिकलेलं हेल्मेट मग भंगारात जायचं, कारण मार खाल्लेली वस्तू गिऱ्हाइकाला द्यायची नाही असा नियम होता. या नियमात काही गंमत आहे असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

अशा माणसाच्या घरात बायकोने जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक माळ आणली. एक लाल पोवळं, एक निळा फिरोजा, पुन्हा पोवळं, पुन्हा फिरोजा. आजवर तिने जे जे घेतलं ते टिकेल का, धुतलं जाईल का, असले चार विचार करून घेतलं होतं. ही माळ तेवढी नुसती आवडली म्हणून घेतली. ती घालून ती बँकेत जायची, ती घालूनच कुंड्यांना पाणी घालायची.

मग एकदा वहिनी आल्या. वहिनी म्हणजे तपासनिसांच्या थोरल्या भावाची बायको. त्यांनी माळ दोन बोटांत धरली, खिडकीकडे वळवून पाहिली आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "छान आहे गं. हल्ली प्लॅस्टिकमध्येसुद्धा काय हुबेहूब मिळतं!"

बायको हसली. वहिनी गेल्यावर तिने माळ काढून डबीत ठेवली आणि पुन्हा काही घातली नाही.

तपासनिसांच्या ते लक्षात आलं आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं असं बायकोला सांगायची सवय नसल्याने त्यांनी जाहीर केलं की वहिनी रविवारी जेवायला येतील तेव्हा माळ खरी असल्याचं ते पुराव्यानिशी सिद्ध करतील. बायको म्हणाली, मला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही, तुम्ही त्या डबीला हात लावू नका. आता इतकं स्पष्ट सांगूनही एखाद्याला हात दाखवून अवलक्षणच करून घ्यायचं असेल, तर त्याला कोण काय करणार?

शनिवारी बायको कामावर गेली आणि तपासनिसांना सुट्टी होती. त्यांनी कारखान्यातल्या रसायनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सोपं आहे, खरं पोवळं व्हिनेगरमध्ये टाकलं की बुडबुडे येतात. आणि नेलपॉलिश काढायच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून रंग सुटला नाही, तर फिरोजा रंगवलेला नाही. पुढे तो "पण" म्हणाला, तेवढ्यात हे आभार मानून फोन ठेवून मोकळे झाले होते.

नमुना म्हणून आकड्याजवळचं एकच पोवळं घ्यायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांनी दोरा कापला. माळ जुनी, दोरा त्याहून जुना. सगळे मणी टणाटण उड्या मारत खोलीभर पांगले. तपासनीस गुडघ्यांवर रांगत ते गोळा करून आले आणि त्यांना वाटलं, माळ सुटलीच आहे, तर एकच कशाला, सगळा मालच तपासून टाकू.

पोवळी वाडग्यात गेली, वरून व्हिनेगर पडलं आणि बुडबुडे आले. तपासनिसांचा ऊर भरून आला. त्याच आनंदात ते फिरोजांकडे वळले. पहिला फिरोजा कापसाने घासघासून पुसला. कापूस कोरा राहिला, पण खडा मात्र निळ्याचा हिरवट आणि निस्तेज झाला.

इथे दुसरा कुणी थांबला असता. तपासनिसांनी तो हिरवट खडा बाकीच्या निळ्या खड्यांशेजारी ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एक वेगळा दिसतो, म्हणजे मालात भेसळ! खात्री करायला त्यांनी दुसरा पुसला. तोही हिरवट. मग तिसरा. जेवणवेळ टळून गेली तेव्हा कुठे सगळे खडे एकसारखे हिरवट झाले आणि भेसळ नसल्याचं पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांना वाडगा आठवला. वाटाण्याएवढी पोवळी नाहीशी झाली होती. आत मसुराएवढे, पांढुरके, खरबरीत असे काही दाणे होते. त्यातून अजूनही बुडबुडे येत होते.

तपासनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं डबीत भरून त्यांनी जुन्या दागिन्यांच्या व्यापाऱ्याचं दुकान गाठलं. व्यापाऱ्याने भिंग लावून एकेक दाणा पाहिला, वास घेतला आणि भिंग खाली ठेवलं.

"खरी आहेत?" तपासनिसांनी विचारलं.

"अस्सल. खोटी असती तर अशी झाली नसती."

"मग किंमत किती येईल?"

व्यापाऱ्याने थोडा वेळ विचार केला. "डबी चांगली आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी बायको घरी आली. तपासनिसांनी आधी आनंदाची बातमी सांगितली, की माळ शंभर टक्के खरी आहे, आणि मग डबी उघडली. तिने आत पाहिलं आणि डबीचं झाकण टक्कन लावलं. तपासनिसांनी कारखान्यात हजारो हेल्मेटांवर लोखंडी गोळा सोडला होता, पण एवढा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "वहिनी तसं म्हणाल्या ते मला सहन झालं नाही गं." तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहिलं, उसासा टाकला आणि झाडू घेतला.

कपाटाखालून केरासोबत एक फिरोजा बाहेर आला. निळाशार, तुकतुकीत, कुणाचाही हात न लागलेला.

रविवारी वहिनी आल्या तेव्हा बायकोच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला तो एकुलता एक मणी होता. वहिनींनी तो दोन बोटांत धरला.

"माळ कुठे गेली गं? आणि हा खरा आहे का?"

"एवढा एकच माहीत नाही, ताई," बायको शांतपणे म्हणाली. "बाकीचे सगळे खरे होते."

तपासनीस खुर्चीत पुढे सरकले. एका मण्याचा प्रश्न होता, आणि नेलपॉलिश काढायच्या पाण्याच्या बाटलीत अजून थोडं शिल्लक होतं. त्यांनी तोंड उघडलं. बायकोने मणी मुठीत धरला आणि जेवण तिने एका हातानेच वाढलं.