निवडीआधीचं अभिनंदन

"मला फ्रान्सवरनं मुलाखतीला बोलावलंय," असं निशिगंधा म्हणाली आणि बाळासो पोवारांनी त्यातलं 'फ्रान्स' आणि 'बोलावलंय' एवढंच ऐकलं. मधलं 'मुलाखतीला' त्यांच्या चहाच्या भुरक्यात बुडालं.

"कशाला बोलावल्यात?" त्यांनी बशी खाली ठेवत विचारलं.

"डिजिटल सायन्सची इंटर्नशिप हाय, पप्पा. तीन महिने तिथल्या प्रयोगशाळेत राहून संशोधन करायचं."

'डिजिटल' म्हटल्याबरोबर बाळासोंचा ऊर भरून आला. शाहूपुरीत त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं आणि चौकाचौकात लागणाऱ्या त्या फलकांना कोल्हापुरात सगळे डिजिटलच म्हणतात. वाढदिवस, निवडणूक, फुटबॉलचा चषक, श्रद्धांजली, काय वाट्टेल ते त्यांच्या मशीनमधून निघायचं. पोरगी विद्यापीठात कॉम्प्युटर शिकते हे त्यांना माहीत होतं. पण ती आपल्याच धंद्यातलं वरचं शिक्षण घ्यायला थेट फ्रान्सला निघाली आहे, हे त्यांना आजच कळत होतं. पुढं काही न विचारता त्यांनी गाडीला किक मारली.

संध्याकाळी निशिगंधा विद्यापीठातून परतली तेव्हा शिवाजी पेठेतल्या त्यांच्या चौकात ती स्वतःच तिची वाट बघत उभी होती. दुमजली घराएवढी. डोक्याला चुलतभावाच्या लग्नातला फेटा, मागे आयफेल टॉवर आणि खाली ठसठशीत अक्षरं : 'कु. निशिगंधा बाळासो पोवार हिची फ्रान्स देशात डिजिटल शास्त्रज्ञ म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' तळाला शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग होती. त्यात मधोमध तालमीचे अध्यक्ष आण्णा, मिशीला पीळ देताना.

तिनं घरात येऊन सॅक टाकली. "पप्पा, काय केलासा हे? अजून मुलाखत व्हायची हाय माझी!"

"मग दे की. कोण नको म्हणालंय?"

"अहो, मुलाखतीत पास झालो तर निवड! जगभरातनं पोरं आल्यात तिथं. मला नाही म्हणाले तर?"

बाळासोंचा चेहरा हळूहळू उतरला. स्वयंपाकघरातून निशिगंधाची आई, संयोगितावहिनी, बाहेर आल्या. "मी सकाळीच म्हणणार हुतो, नीट इचारा. पर तुमी ऐकून घ्याल तर शपथ!"

"उतरवतो लगेच," बाळासो उठले. तेवढ्यात मुरगूडहून बहिणीचा फोन आला. "दादा, पोरगी फ्रान्सला चाललीया आनि मला डिजिटलच्या फोटोवरनं कळतंय व्हय रं?" तिला खरं सांगावं म्हणून बाळासोंनी तोंड उघडलं, पण तोवर तिला रडू आलं होतं, तेही आनंदाचं. मग त्यांनी तोंड मिटलं.

ते चौकात पोहोचले तर आण्णा डिजिटलखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावत होते.

"आण्णा, जरा उतरवूया म्हणतोय."

"उतरवूया?" आण्णांचा आवाज चढला. "आपल्या पोरीचं डिजिटल? पलीकडच्या पेठंतली काय म्हणतील? बाळासो, तुमी लाजू नगा. बेस्तरवारी सांजचं तालमीत सत्कार ठेवलाय. आनि ह्ये खालनं हलतंय बगा, वाऱ्यानं फाटंल." असं म्हणून त्यांनी फलक पलीकडच्या खांबाला आणखी दोन दोऱ्यांनी करकचून बांधून घेतला. त्या खांबावरून गल्लीतल्या घराघरांत इंटरनेटची वायर गेली होती, ती मात्र कुणाच्या लक्षात आली नाही.

पुढचे दिवस बाळासोंना जेवण गोड लागेना. दूध आणायला गेले तरी कुणीतरी हात मिळवायचं. "पोरीनं नाव काढलं!" म्हणायचं. निशिगंधाची निवड नाही झाली तर तिला रोज त्या डिजिटलखालून विद्यापीठात जायचं होतं, आणि ते आपणच टांगलं होतं. ती मात्र दार लावून अभ्यास करत होती. बापाला एका शब्दानं बोलली नव्हती आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

मुलाखत नेमकी त्याच गुरुवारी दुपारी होती. संयोगितावहिनींनी कुकर लावला नाही. बाळासोंनी शेजारच्यांचा टीव्ही बंद करवला. दाराआडून त्यांना लेकीचा आवाज येत होता. ती न अडखळता इंग्रजी बोलत होती. पलीकडे फ्रान्समधल्या क्लेअरमॅडम अधूनमधून "ह्म्म" म्हणत होत्या.

आणि वारं सुटलं. डिजिटलचं शीड झालं. ते फुगलं, दोऱ्या ताणल्या, खांब वाकला आणि वायर तटकन तुटली. क्लेअरमॅडम तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर थिजल्या.

निशिगंधानं मोबाइलचं नेट लावलं. पण गल्लीतल्या सगळ्यांचं नेट एकदमच गेल्यामुळे सगळी गल्ली मोबाइलवर आली होती आणि तिथंही नुसतं चक्र फिरत होतं. गच्चीवर जाऊन तिनं कसाबसा एक मेल धाडला. उत्तर आलं, 'अर्धा तास थांबते.'

"पप्पा, तुमच्या दुकानात नेट हाय?"

"पळतंय! बस मागं!"

लॅपटॉप पोटाशी धरून ती बसली आणि बाळासोंनी आयुष्यात पहिल्यांदा सिग्नलला हात जोडून गाडी पुढे काढली. दुकानात मशीन बंद करवलं, गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, खुर्ची पुसली. कॉल लागला. क्लेअरमॅडम हलू लागल्या, आणि हलता हलता पुढे वाकून निशिगंधाच्या मागे बघू लागल्या.

बाळासोंनी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. सत्काराच्या स्टेजसाठी आण्णांनी तेच डिजिटल पुन्हा छापायला सांगितलं होतं. ते शाई वाळायला भिंतीवर टांगलं होतं. खुर्चीवरच्या निशिगंधामागे फेटेवाली निशिगंधा हसत होती.

मॅडमनी काहीतरी विचारलं. निशिगंधानं मागे वळून बघितलं. मग सरळ बोलू लागली. बाळासोंना त्यातले 'फादर', 'सिलेक्टेड' आणि 'सॉरी' हे तीन शब्द कळले आणि भिंतीत शिरावंसं वाटलं. क्लेअरमॅडम इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

पण निशिगंधा थांबली नव्हती. ती उठली आणि डिजिटलपाशी गेली. तिनं तळहात आडवा धरून शुभेच्छुकांच्या रांगेवर टेकवला. मग वर 'अभिनंदन'वर, मग आयफेल टॉवरच्या पायाशी. मध्येच हात आण्णांच्या मिशीवर ठेवून तिनं 'वॉटर' म्हटलं. बाळासो बघत राहिले. चार लोकांत मान वर न करणारी ही पोर परक्या देशातल्या बाईला असं समजावत होती, जसं काही तो फलक तिनं त्यासाठीच छापून घेतला होता. मॅडमचं हसणं कधीच थांबलं होतं. त्या लिहून घेत होत्या. एक प्रश्न, दुसरा प्रश्न, मग निशिगंधाचाच एक उलटा प्रश्न, आणि त्यावर मॅडम चांगल्या विचारात पडल्या.

कॉल संपला. "काय म्हणाल्या?"

"कळवतो म्हणाल्या."

संध्याकाळी सत्कार झालाच. शाल, श्रीफळ, फेटा. "आता फ्रान्सच्या चौकाचौकात आपल्या पेठेचं डिजिटल लागणार!" असं आण्णा माइकवरून गरजले. बाळासो पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, बाप गहिवरला.

आणि एका सकाळी निशिगंधा अंगणात आली. "पप्पा, झाली निवड! क्लेअरमॅडमच्याच प्रयोगशाळेत!"

बाळासोंनी तिला गच्च धरलं, मग सोडलं आणि चपलाही न घालता पेढे आणायला धावले. पहिला पेढा आण्णांपुढे धरला. "आण्णा, पोरीची निवड झाली!"

"पुन्यांदा?" आण्णा म्हणाले.

"न्हाय, आत्ताच झाली! खरी!"

"आवो, सत्कार सुदीक झाला की तिचा. तुमाला आता उमगलं व्हय?" आण्णांनी पेढा तोंडात टाकला आणि पेपर वर धरला. दूधवाला म्हणाला, "जुनी बातमी हाय, मामा." मुरगूडच्या बहिणीनं फोनवर विचारलं, "दादा, तब्येत बरी हाय न्हवं?"

पेढ्यांचा जवळजवळ भरलेला पुडा घेऊन बाळासो घरी आले. निशिगंधा उंबऱ्यावर बसली होती. ते तिच्या शेजारी टेकले. अख्ख्या पेठेत ही बातमी नवी असलेले ते दोघंच होते, आणि आत डोळे पुसणाऱ्या संयोगितावहिनी.

"निशे," पुडा बाजूला ठेवत ते म्हणाले, "तितं जाऊन तू नक्की काय करनार?"

निशिगंधानं त्यांच्याकडे बघितलं. हे त्यांनी अजून विचारलंच नव्हतं.

"पुरात लोक मोबाइलवर फोटो काढत्यात न्हवं? फोटोत गाडीचं चाक किती बुडालंय, पाटी कुठवर बुडालीय, हे कॉम्प्युटरनं स्वतः ओळखायचं. म्हणजे कुठल्या गल्लीत किती पाणी हाय ते लगेच कळंल आणि मदतीची बोट आधी तिथं जाईल. त्या दिवशी डिजिटलवर हात ठेवून मॅडमना तेच सांगत होतो." मग ती कॉम्प्युटरला हे शिकवायचं कसं, तो चुकतो कुठं, रात्रीच्या फोटोंचं काय, हे सगळं सांगत गेली. बाळासो एकटक ऐकत होते.

"कळलं, पप्पा?"

"न्हाय," बाळासो म्हणाले आणि एक पेढा तिच्या हातावर ठेवला. "पयल्यापासनं सांग."