तेल प्यालेला डबा

आमच्या सौंसरात कोणी केकचा नवा डबा आणला, की तो आधी गुलाबकाकांच्या बेकरीत जातो, मगच घरी. डब्याला तेल न पाजता त्यात पीठ ओतणं काकांना बघवत नाही.

"नवा पत्रा हावरा राह्यते," ते समजावतात. "आधी त्याचं पोट भरा, मंग थो तुमच्या केकले धरत नाही."

फडक्याने तेलाचा पातळ हात फिरवायचा, भट्टीत तापवायचा, गार होऊ द्यायचा, पुन्हा तेल. असं सात वेळा. मग तो काळा तुकतुकीत डबा देताना साबण न लावण्याची शपथ घ्यायला लावतात. माझ्या बायकोने एकदा तो घासणीने लख्ख केला. काका पंधरा दिवस आमच्याशी बोलले नाहीत. डब्याची तब्येत मात्र शेजाऱ्यांकडे विचारत होते.

मी दर शनिवारी कामासाठी नागपूरला जातो. एकदा काकांनी पेपरात गुंडाळलेला डबा माझ्या हातात ठेवला.

"वैशालीले देऊन देजो. पत्ता आत हाये."

वैशाली त्यांची एकुलती मुलगी. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हापासून चार वर्षं बापलेकीत बोलणं नव्हतं.

"काही सांगू तिला?"

काकांनी विचार केला. "सांगजो, साबन लावू नको म्हना."

या शनिवारी घाई, पुढच्या शनिवारी कंटाळा, असं करत मी दोन महिने घालवले. शेवटी गेलो, तर खोलीला कुलूप.

"मागच्याच आठवड्यात गेले," घरमालकीण म्हणाली. "बदली झाली. कुठं, ते नाही माहीत."

परतलो तेव्हा काका बेकरीच्या पायरीवर बसले होते. इतक्या दिवसांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"देल्ला का?"

"दिला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय म्हने?"

"खूश झाली."

काका हाताचं तेल फडक्याला पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग येईन तिचा फोन."

खरं सांगायची ती वेळ होती. मी घरी निघून आलो. डबा आमच्या कपाटात आहे.

आता काका भट्टीपाशी जाताना मोबाइल बाहेर टेबलावर ठेवतात आणि सारखे येऊन बघतात. परवा मला म्हणाले, "हा बिघडला तर नाही? लावून पाह्य बरं."

मी समोर उभा राहून फोन लावला.

"हाव, वाजून राह्यला," ते म्हणाले, आणि वाजता फोन तसाच हातात धरून उभे राहिले.