हकीकत नव्या ग्राफिक्स कार्डाची व पुलापलीकडच्या घराची

सर्व वाचणारांस विदित व्हावे की, ज्या मोहिमेत एकही माणूस घोड्यावर बसला नाही, एकही तलवार म्यानाबाहेर निघाली नाही, आणि सर्वांत मोठे हत्यार म्हणून वीतभर स्क्रूड्रायव्हर कामी आला, त्या मोहिमेची ही हकीकत आहे, आणि ती खरी आहे, कारण खोटी लिहायची असती तर यापेक्षा बरी लिहिता आली असती. मैदानातल्या लढाया लिहून ठेवणारे पुष्कळ होऊन गेले. टेबलाखालच्या लढाईस कोणी वाली नव्हता, सबब हे लेखन.

पूर्वपीठिका ऐसी की, पाणीपुरवठा खात्याच्या पंपघरात चौतीस वर्षे चाकरी करून निवृत्त जाहलेले एक गृहस्थ होते. सारे खाते त्यांस पंपराव म्हणे. आपल्या अमदानीत एकही मोटार तापली नाही हा त्यांचा अभिमान, आणि तो ते भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरापर्यंत सर्वांस ऐकवीत, डॉक्टरास तर तोंड उघडे असतानाही. एकदा एका सहकाऱ्याने ओला टॉवेल मोटारीच्या जाळीवर वाळत घातला, तेव्हा पंपरावांनी त्यास ऐसे फैलावर घेतले की तो इसम निवृत्त होईतो 'टॉवेल' याच नावाने ओळखला गेला. हा मजकूर वाचणाराने ध्यानात ठेवावा. खुद्द पंपरावांच्या तो ध्यानात राहिला नाही.

पंपरावांच्या पत्नी, ज्यांस या लेखात बाईसाहेब म्हटले आहे, यांस साठीनंतर कॉम्प्युटरवरच्या एका गेमचा नाद लागला. त्या गेमात समुद्रकाठचा एक मुलूख आहे. कोणीही गेम सुरू केला की तो बंदरावर उतरतो, आणि मग बाजारातून जावे, दगडी पुलावरून नदी ओलांडावी, आणि टेकडी चढावी. बाईसाहेबांनी घर बांधिले ते थेट टेकडीच्या टोकास, बंदरापासून वीस मिनिटांच्या पायपिटीवर, कारण की खाली फार गलका. पंपरावांनी अर्ज केला की रोज एवढे चालायचे काय. त्यावर हुकूम जाहला की, खरे चाला म्हणून डॉक्टर सांगून थकले, निदान इथे तरी चाला.

घरापुढे लिंबाचे झाड लाविले आणि दारावर पाटी लाविली, 'चपला बाहेर'. आता त्या गेमात माणसाच्या पायांत बूट असतात आणि ते काही केल्या निघत नाहीत, ही गोष्ट पंपरावांनी अनेकदा निदर्शनास आणिली, आणि हुकूम अनेकदा कायम राहिला. दुपारच्या चहानंतर उभयता दोन खुर्च्या ओढून बसत. माउस बाईसाहेबांच्या हाती असे आणि चुका काढण्याचे काम पंपरावांकडे.

त्याच काळी बाईसाहेबांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटास एक झूल शिविली. जुन्या पडद्याचे जाड कापड, आतून अस्तर, पुढे बटणापुरते भोक, मागे वायरांपुरती फट, आणि खाली नाडी. धूळ ही बाईसाहेबांची जन्माची वैरी, त्यामुळे त्या घरात रेडिओपासून वजनकाट्यापर्यंत सर्वांस कपडे होते. अकरा वर्षे मशीन त्या झुलीतच चालले, आणि गेमची चित्रे उमटविणारे आतले जुने कार्ड इतके थंड डोक्याचे की त्याने कधी हूं की चूं केले नाही.

दीड वर्षापूर्वी बाईसाहेब गेल्या. आजार तीन आठवड्यांचा. यावर अधिक लिहिलेले नाही.

त्यानंतर पंपराव रोज दुपारी एकटेच बंदरावर उतरत, पूल ओलांडीत, लिंबास पाणी घालीत, पाटीखाली थोडे उभे राहत, आणि मशीन बंद करून झुलीची नाडी नीट करीत.

ऐसे चालले असता गेमच्या कंपनीने फर्मान काढिले. कलम पहिले, मुलखाची शोभा वाढविली आहे, ती जुन्या कार्डास पेलणार नाही. कलम दुसरे, जो कोणी तीस दिवस आपल्या घरी पाऊल ठेवणार नाही, त्याचे घर मोडून जागा दुसऱ्यास दिली जाईल. फर्मानाच्या शेवटी एक हसरा चेहरा काढिला होता.

पंपरावांच्या कॉम्प्युटरचा पडदा त्याच दुपारी काळा जाहला. मग परगावी शाळेत शिकविणारी कन्या, तिने नवे कार्ड मागविले, ते यावयास बारा दिवस लागले, आणि ते आले तो काय, वजनाने विटेएवढे, तीन पंख्यांचे, खोक्यावर आग ओकणारा कोणी प्राणी. दुरुस्तीच्या दुकानाचे मालक, ज्यांच्या कानावर पेनाच्या जागी सदैव स्क्रूड्रायव्हर असे म्हणून ज्यांस पेठेत पेचकस म्हणत, यांनी ते जातीने बसवून दिले आणि फत्ते जाहली ऐसे जाहीर केले. जाहीर करण्यात घाई जाहली.

घरी येऊन पंपरावांनी मशीनास झूल चढविली, नाडी बांधिली, आणि कूच केले. बंदर सुखरूप पार पडले, बाजार पार पडला, आणि दगडी पुलाच्या मध्यावर पडदा काळा होऊन मशीन धाडकन बंद पडले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पंपराव बंदरापासून धावत सुटले, आणि मशीन पुलाच्या पलीकडच्या टोकाशी, चार पावले पुढे जाऊन, बंद पडले. पुन्हा सुरू करावे तर पुन्हा बंदर. पूल नडला ऐसे त्यांच्या मनाने घेतले, आणि पुलावर त्यांचा ऐसा राग बसला की फोनवर ते त्याचा उल्लेख 'तो' म्हणून करू लागले.

कन्येचा हुकूम आला की, कार्ड आणि मशीन यांच्यामधला दुभाष्या, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, तो काढून नवा घाला. तो तीन वेळा बडतर्फ जाहला आणि तीन वेळा बहाल जाहला, आणि पुलावर तिन्ही वेळा सारखाच मूक राहिला. कंपनीच्या मदतकक्षास खलिता धाडिला. उत्तर आले की गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, मशीन बंद करून चालू करून पाहिलेत काय. मशीन आपणहून बंद पडत असल्याने या आज्ञेचा अर्धा भाग रोज बिनतक्रार पाळला जात होता.

मग वरच्या मजल्यावरचे विमा एजंट मसलतीस आले. त्यांचे मत की विजेचा दाब कमीजास्त होतो, आणि या मताच्या कुमकेस त्यांनी आपल्या फ्रीजचा स्टॅबिलायझर आणून जोडिला. मशीन पुलावर पडले ते पडलेच. वर एजंटांच्या घरी फ्रीजमधले दूध नासले, आणि त्यांच्या पत्नीने खाली येऊन स्टॅबिलायझर सोडवून नेला.

दिवस उरले दहा. पंपरावांनी मशीन रिक्षात मांडीवर घेऊन दुकानी नेले. निघण्यापूर्वी झूल उतरवून, घडी घालून, कपाटात ठेविली, कारण रस्त्याच्या धुळीने ती मळेल. दुकानी मशीन चार तास चालले. पेचकस म्हणाले, आमच्याकडे तर घोड्यासारखं पळतंय काका. घरी आणिले, झूल चढविली, आणि घोडे पुलावर बसले. पुन्हा दुकानी नेले, तेव्हा पंपरावांच्या मनात आले की यांनी आतले कार्डच बदलले असावे, आणि मनात आले ते त्यांनी गिऱ्हाइकांसमोर बोलूनही दाखविले. पेचकस यांनी राग गिळला, वीज पुरविणारा आतला डबा नवा घातला, दोन दिवस मशीन चालत ठेविले, आणि ते एकदाही अडखळले नाही. घरी आणिले. झूल. पूल. काळोख.

अठ्ठाविसाव्या दिवशी पेचकस दुकान बंद करून खासा घरी आले. मशीन उघडले, तपासले, आपल्याकडचा परीक्षेचा प्रोग्राम तासभर चालविला, आणि सर्व ठीक आढळले. मग म्हणाले, आता तुमचा गेम लावा, मी इथेच बसतो. पंपराव उठले, कपाटातून झूल काढिली, आणि चालत्या मशीनास पोराला स्वेटर घालावा तशी डोक्यावरून घालू लागले.

"काका, हे काय करताय?"

"झाकतोय."

"चालू आहे ना ते."

"अकरा वर्षं असंच चालू आहे. धूळ बसते."

पेचकस यांनी झुलीच्या मागच्या फटीशी हात धरिला, थोड्या वेळाने काढून घेतला, आणि पँटला पुसला. ऐसा हा गनीम, म्हणजे नव्या कार्डाची धग, ज्याच्या शोधात तीन वेळा दुभाष्या बदलला, एक डबा बदलला आणि शेजाऱ्यांचे दूध नासले, तो किल्ल्याबाहेर कधी नव्हताच. खासा किल्लेदार रोज आपल्या हाताने नाडी बांधून त्यास आत कोंडीत होता.

"तुम्ही पंपावर होतात ना, काका? मोटारीवर कोणी गोधडी पांघरली असती तर काय केलं असतंत?"

पंपरावांस टॉवेल आठवला. त्या इसमाचे खरे नाव काय होते, ते काही केल्या आठवेना.

तरीही त्यांनी फर्माविले की झूल निघणार नाही. कारण विचारता एवढेच म्हणाले, "हिनं शिवलीय." पेचकस यांच्या हाती स्क्रूड्रायव्हर होता आणि झूल हातभर अंतरावर होती, पण त्यांनी तिजला हात लाविला नाही. हत्यारे पिशवीत भरिली, चहा संपविला, आणि दाराशी सांगून गेले की फार तर पुढून वर करून पाहा, पण त्याने भागेल ऐसे वाटत नाही.

एकोणतिसाव्या दिवशी झुलीशी तह जाहला. पुढची बाजू गुंडाळून वर घ्यावी, कपडे वाळत घालण्याचे दोन चिमटे लावावे, बाकी अंमल झुलीचाच. या तहाच्या बळावर पंपराव पूल ओलांडून गेले, टेकडीचे पहिले वळण चढले, दुसरे चढले, घराचे छप्पर दिसले, आणि लिंबाचे झाड दिसते न दिसते तोच पडदा काळा जाहला. तिसाव्या दिवशी दुपारी चिमटे चार केले. छप्परच दिसले.

तोच कन्येचा फोन आला. पेचकस यांनी तिला सर्व कळविले होते. तिने आधी जेवलात काय विचारिले, मग औषधाचे विचारिले, आणि मग म्हणाली,

"बाबा, आईपुढे असा पेच आला असता तर तिनं काय घालवलं असतं? झूल की घर?"

"दोन्ही ठेवलं असतं तिनं."

"कसं?"

"मला बाहेर काढून."

कन्या हसली, आणि पंपरावही हसले, आणि फोन मात्र कोणी ठेवला नाही. शेवटी पंपराव म्हणाले, ठेव आता, आजचाच दिवस आहे.

मग त्यांनी चिमटे काढिले, नाडी सोडिली, आणि झूल उतरविली. मघाच्या स्वारीने ती अजून कोमट होती, कोणी नुकतीच अंगावरून काढून द्यावी तशी. कपाटात ठेवण्यास ते निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले. शेजारच्या खुर्चीवर दीड वर्षात त्यांनी वर्तमानपत्रसुद्धा ठेविले नव्हते. त्या खुर्चीच्या पाठीवर झूल घातली. ती मापात बसली.

मग मशीन सुरू केले. उघड्यावर त्या तीन पंख्यांनी ऐसा घोष मांडिला की पंपराव क्षणभर चौतीस वर्षांच्या चाकरीच्या पंपघरात जाऊन आले. बंदर, बाजार, पूल. पुलाच्या मध्यावर त्यांनी श्वास रोखिला, आणि पूल पूल असावा तसा पायाखालून गेला. पहिले वळण, दुसरे वळण, छप्पर, लिंब. पाने पार सुकली होती.

येणेप्रमाणे तिसाव्या दिवशी, मुदत संपण्यास सहा तास असता, मोहीम फत्ते जाहली, त्याची नोंद. घर जागेवर कायम. लिंबास पाणी दिले. कार्ड निर्दोष ठरले, पेचकस यांस फोन करून माफी मागितली, ती त्यांनी मान्य केली आणि आठवड्यातून एकदा मशीन पुसण्याची अट घातली. पूलही निर्दोष ठरला. टॉवेल यांचीही माफी मागणे आहे, परंतु नाव सापडेतो ते काम तहकूब. झूल खुर्चीस बहाल.

राहता राहिली दारावरची पाटी. तिच्यापुढे पंपराव उभे राहिले, आणि गेमातले बूट नेहमीप्रमाणे निघण्याजोगे नव्हते. या वेळी त्यांनी तक्रार केली नाही. टेबलाखाली आपल्या पायांतल्या चपला काढिल्या, पायानेच एका बाजूस नीट सारल्या, आणि मग आत गेले.